सी मध्ये लिहिलेल्या सर्व्हरमधून पीएचपी चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. विचारणारे खानापूरकडचे आहेत आणि बेळगावात इंजिनिअरिंगच्या सहाव्या सेमिस्टरला शिकतात. प्रोजेक्ट म्हणून त्यांनी लिनक्सवर सी मध्ये स्वतःचा वेब सर्व्हर लिहिलाय. एचटीएमएल, सीएसएस, फोटो सगळं नीट जातं, पण पीएचपीची (सर्व्हरवर चालून पान तयार करणाऱ्या भाषेची) फाइल मागितली की ब्राउझरमध्ये कोडच दिसतो. त्यावर त्यांनी उपाय काढला: सिस्टम() हे सी मधलं कमांड चालवणारं फंक्शन वापरून पीएचपी चालवायची, आउटपुट एका फाइलीत घ्यायचं आणि ती फाइल पाठवायची. एकट्याला हे चालतं. पण फॉर्ममध्ये भरलेलं स्क्रिप्टपर्यंत, म्हणजे त्या पीएचपीच्या फाइलपर्यंत, पोचत नाही, आणि मित्रानं त्याच वेळी पान उघडलं तर एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं. त्यांचं विचारणं असं: "सर, सर्व्हरमध्ये पीएचपी कशी घालायची?"

माझं पहिलं म्हणणं हेच की ती घालायची नसते. तुमच्या सर्व्हरला पीएचपी कळायची गरजच नाही. आपल्याकडे सरकारी कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसलेले असतात. आपण मराठीत सांगतो, ते कन्नडमध्ये अर्ज लिहून आपल्या हातात देतात. आपल्याला कन्नड लिहिता आलं नाही तरी अडत नाही. नाव, गाव, सर्व्हे नंबर नीट सांगायला लागतो, आणि कागद पूर्ण लिहून होईपर्यंत थांबायला लागतं. तुमच्या सर्व्हरचं काम एवढंच आहे: वेगळ्या प्रोसेसला (चालू असलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला) माहिती ठरलेल्या पद्धतीनं सांगायची आणि तिचं उत्तर पूर्ण घ्यायचं. ही ठरलेली पद्धत म्हणजे सीजीआय (कॉमन गेटवे इंटरफेस). १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकन संशोधन केंद्राच्या सर्व्हरसोबत ती आली आणि २००४ मध्ये आरएफसी ३८७५ (इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणाऱ्या दस्तऐवजांपैकी एक) म्हणून लिहून निघाली. ते आरएफसी वाचाच. दोन संध्याकाळीत वाचून होतं आणि तुमच्या निम्म्या शंका तिथंच मिटतील.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. प्रोजेक्ट दाखवायचा असेल, एका वेळी पाच-दहा जण वापरणार असतील, तर प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस काढणारा साधा सीजीआय पुरतो. शेकडो रिक्वेस्ट येणार असतील तर फास्टसीजीआयकडे जायला लागेल, त्याबद्दल शेवटी. तुमचा सर्व्हर एकाच थ्रेडचा (प्रोसेसच्या आत चालणाऱ्या कामाच्या एका धाग्याचा) आहे की अनेक थ्रेडचा, यावरही काही गोष्टी बदलतात. आणि विंडोजवर फोर्क (चालू प्रोसेसची दुसरी प्रत काढणं) नाही, त्यामुळे पुढचं सगळं लिनक्स धरून सांगतोय.

मी गेली वीसेक वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत मशिनरीच्या कंट्रोलचं आणि डेटाचं काम करतो. फौंड्रीच्या भट्टीशेजारी ठेवायच्या छोट्या डब्यात मोठा सर्व्हर बसवायची सोय नसायची, म्हणून मी सी मध्येच लहान सर्व्हर लिहिला आणि रिपोर्टच्या स्क्रिप्ट त्यातून चालवल्या. त्यात जे शिकलो ते हे: स्क्रिप्ट सुरू करणं हे दहा ओळींचं काम आहे. ती नीट संपवणं हे खरं काम. तुमच्या प्रश्नातल्या अडचणींपेक्षा मोठ्या अडचणी पुढं याच बाजूनं येणार आहेत, म्हणून त्यावर जास्त लिहितोय.

आधी सिस्टम() काढून टाका. ते तुमची ओळ शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) देतं, आणि त्या ओळीत यूआरएलमधून आलेला मजकूर असला तर कुणीही यूआरएलमध्ये अर्धविराम टाकून पुढं स्वतःची कमांड लिहू शकतो. ती कमांड तुमच्या मशीनवर तुमच्या हक्कानं चालते. पोपेन() ची गोष्ट तीच. एकाच नावाच्या आउटपुट फाइलीमुळे उत्तरांची अदलाबदल होते हे तुम्ही पाहिलंच आहे. त्याऐवजी पाइप (दोन प्रोसेसमधली मजकुराची नळी), फोर्क, डूप२ (त्या नळीचं टोक स्क्रिप्टच्या इनपुट-आउटपुटला जोडणारं) आणि एक्झेकव्हीई (नव्या प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चालवणारं, पुढं त्यालाच एक्झेक म्हणतो). यात शेल मधे येतच नाही.

त्याआधी यूआरएलचे तुकडे. प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे पाथ, नंतरचा म्हणजे क्वेरी. पाथ टक्केवारीच्या चिन्हांतून उलगडून घ्यायचा, क्वेरी मात्र आहे तशीच ठेवायची, ती स्क्रिप्ट उलगडेल. मग पाथ रिअलपाथ() मधून (खरा, पूर्ण पाथ देणाऱ्या फंक्शनमधून) काढा आणि तो तुमच्या वेब फोल्डरच्या आतच आहे का बघा. तुलना करताना फोल्डरच्या नावापुढचा स्लॅशही धरा. नाहीतर "वेब" नावाच्या फोल्डरची परवानगी "वेब-जुनं" लाही मिळते. ही चूक मी पाहिलीय, आणि त्या जुन्या फोल्डरात पासवर्ड असलेली फाइल होती.

फॉर्मची माहिती स्क्रिप्टला का मिळत नाही, याचं उत्तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला मिळणाऱ्या नाव-किंमतीच्या यादीत, आहे. रिक्वेस्ट_मेथड, क्वेरी_स्ट्रिंग, कंटेंट_टाइप, कंटेंट_लेंग्थ, स्क्रिप्ट_नेम, पाथ_इन्फो, सर्व्हर_नेम, सर्व्हर_पोर्ट, सर्व्हर_प्रोटोकॉल, रिमोट_अ‍ॅड्र आणि गेटवे_इंटरफेस ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत जातात, शेवटच्याची किंमत "सीजीआय/१.१". ब्राउझरनं पाठवलेले बाकीचे हेडर "एचटीटीपी_" लावून, डॅशचा अंडरस्कोर करून द्यायचे. यातून एक हेडर गाळायचा: "प्रॉक्सी". तो दिला तर स्क्रिप्टला एचटीटीपी_प्रॉक्सी नावाचं व्हेरिएबल मिळतं आणि बऱ्याच लायब्ररी त्यालाच खरा प्रॉक्सी (बाहेर जायचा मधला सर्व्हर) समजून बाहेरची वाहतूक तिकडून वळवतात. २०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी नावानं हे गाजलं होतं. त्याआधी २०१४ च्या सप्टेंबरात शेलशॉक आला, त्यात तर हेडरमधल्या मजकुरातून बॅश हे शेल थेट कमांड चालवत होतं. म्हणून स्क्रिप्टला सर्व्हरचं सगळं एन्व्हायर्नमेंट वारशानं देऊ नका. लागतात तेवढीच व्हेरिएबलं असलेला नवा अ‍ॅरे बनवा आणि तोच द्या. हा अ‍ॅरे फोर्कच्या आधी बनवायचा. सर्व्हर अनेक थ्रेडचा असेल तर फोर्क आणि एक्झेकच्या मधे मॅलॉक (मेमरी मागणारं) किंवा सेटएन्व्ह (व्हेरिएबल घालणारं) वापरणं धोक्याचं आहे. फोर्कच्या क्षणी मॅलॉकचं कुलूप दुसऱ्या थ्रेडकडे असेल, तर नव्या प्रोसेसमध्ये ते कायमचं बंद राहू शकतं.

पीएचपीसाठी दोन गोष्टी खास. "पीएचपी" नाही, "पीएचपी-सीजीआय" चालवायचा. कमांड लाइनवरचा साधा पीएचपी ना हेडर पाठवतो, ना क्वेरी_स्ट्रिंग बघतो. आणि पीएचपी-सीजीआयला स्क्रिप्ट_फाइलनेममध्ये फाइलचा पूर्ण पाथ, तसंच रीडायरेक्ट_स्टेटस मध्ये २०० द्यायला लागतात. दुसरं दिलं नाही तर तो सुरक्षेचा संदेश दाखवून थांबतो, पहिलं चुकलं तर इनपुट फाइल मिळाली नाही म्हणतो. यावर एक अख्खा दिवस घालवलेली पोरं मी पाहिलीत. क्वेरीतला मजकूर कमांड लाइनच्या आर्ग्युमेंटमध्ये मात्र कधीही देऊ नका. जुन्या सीजीआयमध्ये तशी पद्धत होती, आणि त्याच वाटेनं २०१२ मध्ये पीएचपी-सीजीआयमध्ये मोठी फट सापडली: यूआरएलमध्ये डॅश आणि एक अक्षर टाकलं की स्क्रिप्ट चालायच्याऐवजी तिचा सोर्स दिसत होता.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

एका फौंड्रीत माझा सर्व्हर बसवून तीन महिने झाले होते. महिन्याचा रिपोर्ट होता: प्रत्येक हीटची (भट्टीत धातू वितळवायच्या एका खेपेची) वेळ, तापमान, वजन. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुपरवायझरचा फोन आला, "साहेब, रिपोर्ट येईना बघा, नुसतं गोल फिरतंय." मी जाईपर्यंत महिना बदलला होता आणि रिपोर्ट झटकन येत होता. पुढच्या महिन्यात बावीस तारखेला पुन्हा तेच. नेटवर्क बदललं, केबल बदलली, भट्टीच्या जवळ आहे म्हणून डबा दुसऱ्या भिंतीला नेला. तिसऱ्या महिन्यात तिथंच खुर्ची टाकून बसलो. रोज वीस हीट, एका ओळीला दीडशे बाइट, म्हणजे दिवसाला तीन हजार. बावीस दिवसांचे झाले सहासष्ट हजार. आणि लिनक्सवर पाइपमध्ये मावतात साधारण ६५,५३६ बाइट.

चूक माझी होती. मी स्क्रिप्ट सुरू करून आधी वेटपिड म्हणत होतो, म्हणजे ती संपायची वाट बघत होतो, आणि मग पाइपमधून वाचत होतो. पाइप भरला की स्क्रिप्ट लिहिताना थांबते, कुणीतरी वाचेल म्हणून. सर्व्हर थांबलेला असतो, स्क्रिप्ट संपेल म्हणून. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि कुणालाच एरर येत नाही. म्हणून क्रम पक्का: आधी ईओएफ (मजकूर संपल्याची खूण) येईपर्यंत वाचायचं, मगच वेटपिड.

हेच पोस्टच्या (ब्राउझरनं फॉर्मचा मजकूर पाठवायच्या पद्धतीच्या) बाजूनंही होतं. तुम्ही मोठा फॉर्म पाइपमध्ये लिहीत बसता आणि स्क्रिप्ट तो न वाचताच उत्तर लिहायला लागते, मग दोन्ही पाइप भरतात. पुस्तकातला उपाय म्हणजे दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग (न थांबणारी) करून पोल() नं, म्हणजे कुठलं टोक तयार आहे ते विचारत, सांभाळायची. मी स्वतः तसं करत नाही. आलेला पोस्टचा मजकूर आधी टेम्पररी फाइलीत घेतो, फाइल पुन्हा सुरुवातीला नेतो आणि तीच स्क्रिप्टची स्टँडर्ड इनपुट म्हणून जोडतो. मग पाइप एकच उरतो, उत्तर वाचायचा, आणि अडकायला जागाच राहत नाही. डिस्कवर लिहायला थोडा वेळ जातो, पण माझ्या कामात तो कधी जाणवला नाही. तुमच्या प्रोजेक्टला मी हेच सुचवेन.

ईओएफ येत नसेल तर पाइपचं लिहायचं टोक कुठंतरी उघडं आहे असं समजा. फोर्क झाल्यावर सर्व्हरनं आपल्याकडचं लिहायचं टोक बंद करायलाच हवं. पण त्याहून लपलेली गोष्ट अशी की दोन रिक्वेस्ट एकदम आल्या, तर दुसऱ्या स्क्रिप्टला पहिलीच्या पाइपची टोकंही वारशात मिळतात. मग पहिली स्क्रिप्ट संपली तरी दुसरी जिवंत आहे तोवर पहिलीचा ईओएफ येत नाही. पाइप() ऐवजी पाइप२() वापरून क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेक होताच टोक बंद करणारा झेंडा) लावा. ब्राउझरच्या सॉकेटलाही तेच. डूप२ नं केलेल्या नव्या टोकाला तो झेंडा लागत नाही, त्यामुळे स्क्रिप्टला हवं तेवढंच उरतं.

संपलेल्या स्क्रिप्टला वेटपिड केलं नाही तर ती झोंबी होऊन प्रोसेसच्या यादीत राहते. काही दिवसांनी नवी प्रोसेस काढायला जागा राहत नाही आणि सर्व्हर "अचानक" बंद पडला असं वाटतं. आणि न संपणाऱ्या स्क्रिप्टला मुदत घाला. मी साध्या पानांना दहा सेकंद देतो. मुदत संपली की आधी सिगटर्म (थांब म्हणून सांगणारा सिग्नल), दोन सेकंद थांबून सिगकिल (सक्तीनं बंद करणारा). हे एकट्या प्रोसेसला देऊन भागत नाही, कारण स्क्रिप्टनं आणखी प्रोसेस काढलेल्या असू शकतात. फोर्कनंतर लगेच सेटपीजीआयडी करून स्क्रिप्टचा वेगळा गट करा आणि सिग्नल अख्ख्या गटाला द्या.

ब्राउझर मधेच बंद झाला आणि तुम्ही सॉकेटवर लिहिलंत तर सिगपाइप येऊन तुमचा सर्व्हरच मरतो. तो सिग्नल दुर्लक्षित करा. पण दुर्लक्ष केलेला सिग्नल एक्झेकनंतरही दुर्लक्षितच राहतो, म्हणून एक्झेकच्या आधी नव्या प्रोसेसमध्ये तो मूळ पदावर आणा. नाहीतर वाचणारा गेला तरी स्क्रिप्ट वेड्यासारखी लिहीतच राहते.

उत्तर वाचताना पहिली रिकामी ओळ येईपर्यंत हेडर, पुढं मजकूर. ओळी सीआरएलएफ या ओळ संपवणाऱ्या दोन बाइटांनी संपतील असं धरू नका, त्यातला नुसता एलएफही येतो. "स्टेटस" नावाचा हेडर आला तर त्यातला आकडा तुमच्या पहिल्या ओळीत घाला आणि तो हेडर पुढं पाठवू नका. नसेल तर २००, नुसतं "लोकेशन" असेल तर ३०२. रिकामी ओळ न येताच स्क्रिप्ट संपली तर ५०० द्या आणि स्टँडर्ड एररचा मजकूर लॉगमध्ये टाका. तो ब्राउझरला दाखवू नका, त्यात तुमच्या फोल्डरचे पाथ असतात.

कंटेंट-लेंग्थवर आपल्या भागातल्या माणसानं जरा जास्त लक्ष द्यावं. डिस्पॅचच्या एका पानावर गावाचं नाव वेगळ्या स्क्रिप्टमधून येत होतं. "बेळगाव" च्या जागी "बे" दिसायचं, "निपाणी" च्या जागी "नि", आणि "खानापूर" च्या जागी "खा" आणि पुढं एक तुटका चौकोन. इंग्रजीतली नावं मात्र पूर्ण येत होती, त्यामुळे सगळ्यांचा संशय फाँटवर. कारण हे: ती स्क्रिप्ट पायथॉनमध्ये होती आणि पायथॉननं लांबी अक्षरखुणांत मोजली. बेळगावच्या खुणा सहा, पण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक खूण तीन बाइटची, म्हणजे लागतात अठरा. हेडरमध्ये सहा गेले, ब्राउझरनं सहाच बाइट घेतले, आणि सहा बाइटमध्ये बसतं "बे". खानापूरच्या खुणा सात, म्हणून "खा" होऊन तिसऱ्या खुणेचा एकच बाइट उरला, तोच तो चौकोन. कन्नड नावांचंही असंच होणार, तिथंही खूण तीन बाइटचीच. तेव्हापासून स्क्रिप्टनं दिलेल्या लांबीवर मी विसंबत नाही. उत्तर पूर्ण गोळा करतो, बाइट स्वतः मोजतो आणि माझाच आकडा पाठवतो. मात्र सी मध्ये मोजताना स्ट्रलेन वापरू नका. उत्तरात फोटो असेल तर पहिल्या शून्य बाइटला ते थांबतं. रीड() नं परत दिलेल्या आकड्यांची बेरीज करा.

सर्व्हर रूट (सगळे हक्क असलेला युजर) म्हणून चालवत असाल तर स्क्रिप्टला साधा वेगळा युजर द्या. क्रम महत्त्वाचा: आधी सेटग्रुप्स, मग सेटजीआयडी, शेवटी सेटयूआयडी. उलटं केलं तर युजर बदलल्यावर ग्रुप बदलायचा हक्कच उरत नाही.

फास्टसीजीआयबद्दल थोडंच सांगतो, कारण वरचं जमल्यावर ते अवघड जात नाही. १९९६ च्या सुमारास ओपन मार्केट या कंपनीनं ते आणलं. स्क्रिप्टची प्रोसेस दरवेळी नवी न काढता आधीच उभी ठेवायची आणि सॉकेटवरून तिच्याशी बोलायचं. पीएचपीत त्यासाठी एफपीएम आहे, २०१० मध्ये ५.३.३ पासून ते मूळ पीएचपीतच आलं. प्रत्येक रेकॉर्डला आठ बाइटचं हेडर असतं: आवृत्ती, प्रकार, रिक्वेस्टचा क्रमांक दोन बाइटचा, मजकुराची लांबी दोन बाइटची, पॅडिंग आणि एक राखीव. व्हेरिएबलं तीच, फक्त नाव आणि किमतीच्या लांब्या पुढं लावून जातात. १२७ पर्यंतची लांबी एका बाइटात, त्यापुढची चार बाइटांत आणि सर्वांत वरचा बिट १. इथं विद्यार्थी हमखास एक विसरतात: व्हेरिएबलं संपली हे सांगायला शून्य लांबीचं रेकॉर्ड पाठवायचं, आणि स्टँडर्ड इनपुट संपली हे सांगायलाही. ते गेलं नाही तर एफपीएम शांत बसून राहतो. झोंबी, फोर्क, युजर बदलणं ही सगळी डोकेदुखी मात्र त्याच्याकडे जाते.

पीएचपीचं इंजिन थेट तुमच्या प्रोग्रामला जोडायची सोयही आहे. मी ती वापरायला सांगणार नाही. स्क्रिप्टमधल्या एखाद्या एक्स्टेन्शननं मान टाकली की तुमचा सर्व्हरही सोबत जातो. एकाच प्रोसेसमध्ये काही चालवायचंच असेल तर लुआ बघा, ती सी प्रोग्राममध्ये बसवण्यासाठीच बनलेली भाषा आहे.

तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात सिस्टम() काढून टेम्पररी फाइल आणि एक पाइप यावर साधा सीजीआय उभा करा. मग चार छोट्या स्क्रिप्ट लिहा. एक लाखभर अक्षरं छापणारी. एक काहीही न छापता झोपून राहणारी. एक पाच मेगाबाइटचा पोस्ट न वाचताच उत्तर देणारी. आणि एक, फक्त तुमच्या गावाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये छापणारी. चारही एकाच वेळी दोन-तीनशे वेळा मागवा, आणि चाचणीच्या आधी आणि नंतर प्रॉक फाइलसिस्टममध्ये (लिनक्स चालू प्रोसेसची माहिती जिथं दाखवतं तिथं) तुमच्या सर्व्हरच्या एफडी फोल्डरातल्या, म्हणजे उघड्या टोकांच्या, नोंदी मोजा. नंतरचा आकडा जास्त आला तर कुठलं तरी टोक बंद करायचं राहिलंय. ती नोंद पाइपची आहे की सॉकेटची हे तिथल्याच लिंकवर लिहिलेलं दिसेल, ते मला कळवा, पुढचं बघू.